केपच्या बंदरातले बारा प्रश्न

साहेबानं माझा कागद एका बोटानं माझ्याकडे परत ढकलला.

रत्नागिरीच्या कलेक्टरच्या सहीचा कागद होता तो. वर सिंहाचं चित्र, खाली लाल लाखेचा शिक्का, उजव्या कोपऱ्यात माझा फोटो आणि फोटोखाली माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा. तो मिळवायला आम्हाला चौदा महिने लागले होते. बोटीवरचे सगळे दिवस मी तो मेणकापडात गुंडाळून अंगाशी बाळगला होता. रात्री कूस बदलतानासुद्धा आधी त्यावर हात ठेवून बघायची.

साहेब इंग्रजीत काहीतरी बोलला. शेजारी दुभाषे उभे होते, मुकादमचाचा. पांढरी दाढी, डोक्यावर लाल तुर्की टोपी. मूळचे आमच्या दापोलीकडचे, पण तीस वर्षं केपमध्ये काढलेले. ते म्हणाले, "साहेब म्हणतात, या कागदावरून तू करंजखोलची रुकैया आहेस एवढं कळतं. ते त्यांना मान्य आहे. पण तू इसाक चौगुलेची बायको आहेस हे कलेक्टरला काय माहीत? तो निकाहला आला होता का?"

मी सांगितलं की मामलेदार स्वतः गावात आले होते, पाच जणांच्या जबान्या झाल्या, काझींची सही आहे. साहेबानं ते ऐकून घेतलं. शिक्क्यावर पेन्सिल टेकवून तो पुन्हा बोलला, आणि चाचांनी ते जरा मऊ करून सांगितलं: हा शिक्का हिंदुस्थान सरकारचा. त्याचा हुकूम हिंदुस्थानात. इथं दक्षिण आफ्रिकेच्या युनियनचं राज्य आहे, आणि या बंदरावर कोणी उतरायचं ते हे टेबल ठरवतं.

"पण राजा तर एकच आहे ना?" मी म्हटलं.

चाचा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी ते तसंच्या तसं सांगितलं असावं, कारण साहेबानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. तांबूस मिशांचा, पन्नाशीचा माणूस. रागावला नाही.

"राजा एकच आहे," तो म्हणाला, "पण तो इथं राहत नाही."

ही गोष्ट १९२२ सालच्या मार्च महिन्यातली. आज तिला छत्तीस वर्षं झाली. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, आणि ज्या माणसासाठी समुद्र ओलांडून आले होते तो त्या खोलीच्या फळ्यांच्या भिंतीपलीकडे बसला होता. त्याला शेवटचं पाहून मला नऊ वर्षं झाली होती.

माझे वडील बदरुद्दीन मास्तर. लोकल बोर्डाच्या मराठी शाळेत शिकवायचे, म्हणून मला लिहिता-वाचता येत होतं. आमच्या खाडीपट्टीत तेव्हा ती नवलाईच होती. सोळाव्या वर्षी माझा निकाह झाला. इसाक पंधरा वर्षांचा असताना मामाबरोबर केपला गेला होता, तो लग्नासाठी म्हणून आला आणि अडीच महिने राहिला. हसरा माणूस. जेवताना बोलायचा, बोलताना जेवायचा, आणि सासरे डोळे वटारायचे. अडीच महिन्यांनी तो परत गेला, कारण त्याच्या खिशात एक परवाना होता. ठरल्या मुदतीत केपला पोचलं नाही तर तिथं राहण्याचा हक्क संपला. आमच्याच शेजारच्या गावचा एक माणूस बोट रखडल्यामुळे अकरा दिवस उशिरा पोचला, तर त्याला धक्क्यावरूनच माघारी धाडलं होतं. वीस वर्षांचं त्याचं बिऱ्हाड तिथल्या तिथं राहिलं.

वर्षभरात मला बोलावून घेतो, असं इसाक म्हणाला होता. वर्षभरात जर्मनीशी लढाई सुरू झाली.

माझे सासरे हुसेन सारंग. सारी उमर बोटीवर काढलेली, साठ खलाशी हाताखाली. बोअर लोकांशी लढाई झाली तेव्हा याच केपच्या बंदरात त्यांनी सरकारचे घोडे आणि गोरे शिपाई उतरवले होते. त्यामुळे त्यांची समजूत पक्की होती: ज्या राजाची माणसं मी तिथं उतरवली, तो राजा माझ्या सुनेला तिथं उतरू देणार नाही हे कसं शक्य आहे? जर्मनीची लढाई चालू असतानाच ते खेडला जाऊन गोगटे अर्जनविसांकडून अर्ज लिहून घ्यायला लागले. कलेक्टरला, मुंबईच्या लाटसाहेबाला, शेवटी थेट विलायतेला. विलायतेचं उत्तर सात महिन्यांनी आलं. मी सासऱ्यांबरोबर खेडला गेले होते, गोगट्यांनी ते ओसरीवर बसून आम्हाला वाचून दाखवलं. दक्षिण आफ्रिका ही स्वराज्य मिळालेली वसाहत आहे, सबब तिच्या अंतर्गत कायद्यात बादशाही सरकारला हात घालता येत नाही, याबद्दल खेद वाटतो.

सासऱ्यांना काही उमगेना. गोगट्यांनी चष्मा काढून समजावलं. "सारंग, असं बघा. थोरल्या घरातल्या मुलानं वेगळी चूल मांडली. नाव बापाचंच लावतो, सणाला पाया पडायला येतो. पण त्याच्या चुलीवर काय शिजवायचं ते बाप सांगू शकत नाही."

"आणि आपली चूल?" सासऱ्यांनी विचारलं.

"आपण अजून थोरल्या घरात भांडी घासतोय," गोगटे म्हणाले, आणि त्या उत्तराची नक्कल करून ठेवायची का म्हणून विचारलं.

मग लढाईच्या शेवटच्या वर्षी विलायतेत सगळ्या वसाहतींची बैठक भरली, हिंदुस्थानचीही माणसं तिला होती. गोगट्यांनी वर्तमानपत्र घेऊन माणूसच धाडला आमच्याकडे. तिथं ठरलं होतं की आपल्या देशात कोणाला घ्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण जे हिंदी लोक आधीच तिथं राहतायत त्यांच्या बायकोला आणि अज्ञान मुलांना येऊ द्यावं. बायको एकच, आणि ती त्याचीच असल्याचा दाखला हवा. सासऱ्यांनी गावात गूळ वाटला. दाखल्याचं काम मात्र त्यानंतर दोन वर्षांनी मार्गी लागलं. फोटो काढायला मला चिपळूणला नेलं. फोटोवाल्यानं श्वास रोखून बस म्हटलं आणि तो स्वतः काळ्या कापडात शिरून बसला तो येईचना, त्यामुळे कागदावर मी फार रागीट दिसते.

या सगळ्या वर्षांत इसाकची माझी पत्रं चालू होती. एक पत्र जायला महिना-दीड महिना लागायचा. आणि खरं सांगायचं तर माझ्या पत्रांत एक मोठं खोटं होतं.

तो गेल्यावर तिसऱ्या वर्षी वैशाखात वादळ आलं आणि घराचं छप्पर घेऊन गेलं. कौलं मिळेपर्यंत पाऊस लागला आणि मातीच्या भिंती बसल्या. आम्ही गोठ्यात राहायला गेलो. म्हैस एका बाजूला, आम्ही एका बाजूला, मधे कुडाची भिंत आणि सगळ्यांना मिळून एक दार. सासरे म्हणाले, इसाकला लिही. मी लिहिलं नाही. मला माहीत होतं, कळलं असतं तर तो असेल ती बोट धरून आला असता, घर बांधलं असतं, मुदत टळली असती, आणि मग तो आणि मी दोघंही जन्मभर करंजखोलात. तसं राहायला माझी ना नव्हती. पण त्यानं पंधराव्या वर्षापासून तिथं घाम गाळला होता, तो माझ्यापायी बुडायला नको होता. म्हणून दर पत्रात मी लिहायची, घर ठीक, बाबा ठीक, ओटीवर बसून हे लिहीत आहे. ओटी म्हणजे म्हशीच्या दावणीचा कठडा.

त्याची पत्रं त्याहून छान असायची. त्याच वर्षी त्यानं लिहिलं की फळांचं स्वतःचं दुकान टाकलं आहे, काचेचं दार आहे, वर पाटी आहे. मी ते सगळ्या गावाला वाचून दाखवलं होतं.

कलेक्टरचा कागद हातात आला तेव्हा सासऱ्यांनी पेटी भरायला काढली. मी म्हटलं, तुम्हाला गोठ्यात ठेवून मी जाणार नाही. ते म्हणाले, मी बोटीच्या बुडात झोपलेला माणूस, मला गोठ्याचं काय? पण मी हटले नाही. पाऊस संपला तसा जांभा दगड पाडायला माणसं लावली. इसाकनं पाठवलेल्यातून मागं पडलेलं होतं ते त्यात घातलं. चिरे डोक्यावर मी स्वतः वाहिले. जुन्या जोत्यावर, जुन्या मापानं, पूर्वेला दार ठेवून चार खोल्या उभ्या केल्या, वर मंगळुरी कौलं. माझी नणंद मुलाबाळांसकट बाबांजवळ राहायला आली. पौषात घर पुरं झालं आणि माघात मी निघाले. दोनच रात्री मी त्या घरात झोपले. खूप छान झोप लागली.

घर बांधल्याचंही मी इसाकला कळवलं नाही. कळवायचं म्हणजे पडल्याचं सांगावं लागलं असतं.

खाडीतून होडीनं दाभोळ, दाभोळहून आगबोटीनं मुंबई आणि मुंबईहून मोठी बोट. सोबतीला जैनबखाला होत्या. इसाकच्या दूरच्या मावशी, केपमध्ये मुलाकडे राहायच्या. वर्षापूर्वी कोकणात आल्या होत्या आणि आता परत निघाल्या होत्या. गणपतीच्या सुमारास त्या आम्हाला भेटून गेल्या होत्या, गोठ्यातच. मग त्या दाभोळला लेकीकडे गेल्या त्या थेट बोटीवर भेटल्या.

बोट मोंबासा सोडून पुढं निघाली तेव्हा एका दुपारी खाला तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "इसाक फार चोख माणूस. रोज सकाळी गाडी घेऊन आमच्या दारात हजर. द्राक्षाचा एक मणी नासका निघायचा नाही."

"कसली गाडी?" मी विचारलं.

"हातगाडी गं. हिरव्या रंगाची. सगळा चढ एकटा ओढतो."

मी तांदळातला खडा काढून समुद्रात टाकला. सहा वर्षं त्या काचेच्या दाराची मी स्वप्नं पाहिली होती, पण मला राग आला नाही. उलट इतकं हसू आलं की पदर तोंडात धरावा लागला. तो तिकडं चढावर गाडी ओढत होता आणि मी इकडं म्हशीजवळ बसून ओटीवरून पत्र लिहीत होते. आम्ही दोघं एकाच मातीचे होतो.

खालांनी मला आणखी एक सांगितलं. केपच्या बंदरात नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून तेच ते प्रश्न विचारतात. उत्तरं जुळली पाहिजेत. एकदा म्हणे तीन बायका एकाच बोटीनं परत गेल्या. तेव्हापासून पुढच्या वाटेत मी मनात घोकत होते. घराचा प्रश्न सोपा होता. त्याला चार खोल्या आणि पूर्वेचं दार माहीत होतं, आणि आता तर ते खरंही होतं. अडचण दुकानाची होती. त्यानं मला दुकान लिहिलं होतं. पण सरकारसमोर तो दुकान कसं सांगेल? खाला म्हणाल्या होत्या की गाडीला म्युनिसिपालटीचा परवाना असतो, नंबर असतो. साहेबाच्या दप्तरात ते असणारच. मी ठरवलं, तो खरंच सांगेल. मीही गाडीच सांगायची.

डर्बनच्या बंदरात बोट बदलली, पण जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. आणि मग एके सकाळी तो मेजासारखा सपाट डोंगर दिसला, त्यावर पांढरा ढग चादरीसारखा घातलेला. खालांकडे तिथलाच कागद होता, त्या हात हलवून उतरून गेल्या. मला कचेरीत नेलं.

तर साहेबानं मला बारा प्रश्न विचारले. सासऱ्यांचं नाव, त्यांचा धंदा. निकाह कोणत्या महिन्यात, काझी कोण. नवऱ्याच्या अंगावर खूण कुठं आहे? उजव्या कोपराला, लहानपणी माडावरून पडला तेव्हाची. घरापासून विहीर किती लांब, कोणाच्या मालकीची. नववा प्रश्न आला, तू राहतेस त्या घराला खोल्या किती आणि दार कुठल्या दिशेला? चार खोल्या, दार पूर्वेला. अकरावा आला, तुझा नवरा केपमध्ये काय करतो?

मी म्हटलं, "हातगाडीवर फळं विकतात. गाडी हिरव्या रंगाची."

मुकादमचाचांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. साहेबानं दुसरा एक कागद काढून माझ्या उत्तरांशेजारी ठेवला आणि पेन्सिलीनं एकेक ओळ खाली सरकत गेला. दोन ठिकाणी थांबला.

"दहा उत्तरं जुळली," चाचा म्हणाले. "साहेब म्हणतात, ती दहा कुणीही पाठ करून येईल. पण इसाक म्हणाला, घर पडलं, तुम्ही गोठ्यात राहता, एकच दार आहे. आणि तो म्हणाला, माझं दुकान आहे." ते थांबले. "साहेब विचारतात, ज्या घरात तू राहतेस ते त्याला ठाऊक नाही, आणि तो काय काम करतो ते तुला ठाऊक नाही. असे कसे नवरा-बायको?"

माझ्या पायाखालची जमीन हलली. बोटीवरून उतरल्यापासून हलतच होती, पण आता खरोखर. साहेबानं शाईची दौत पुढं ओढली होती. काय लिहिणार ते कळत होतं. आमची बोट परवा सुटणार होती.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "नऊ वर्षं मधे समुद्र ठेवला की असेच होतात नवरा-बायको. मला परत धाडायचं तर धाडा. पण इतक्या लांब आले आहे, माझा नवरा मला एकदा बघू दे. तुमच्यासमोरच."

चाचांनी सांगितलं. साहेबानं घड्याळ पाहिलं, टाक दौतीवर आडवा ठेवला आणि फळीवर दोनदा टकटक केली.

इसाक आत आला. अंगावर काळा कोट, डोक्यावर तुर्की टोपी, कानशिलावर केस पांढरे झालेले. चाळिशीचा दिसत होता, होता बत्तिशीचा. तो दारातच उभा राहिला. मी पदर पुढं ओढला आणि लगेच मागं घेतला, म्हटलं बघायचं आहे तर नीट बघू.

तो एक पाऊल पुढं आला. मग त्यानं विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. नव्या घरात आहेत."

"नव्या घरात?"

"तुम्हाला कोणी सांगितलं घर पडलं म्हणून?" मी विचारलं.

"जैनबखालांनी मुलाला पत्रात लिहिलं होतं, त्यानं मला सांगितलं. चार महिने झाले. तू सहा वर्षं ओटीवरून पत्र लिहीत होतीस."

"बांधलं मी ते. जुन्या जोत्यावर. चार खोल्या, पूर्वेला दार. पौषात पुरं झालं." मग मला आठवलं की मीही गप्प बसायला आलेली नाही. "आणि तुमचं काचेचं दार कुठाय? खाला म्हणाल्या तुम्ही हिरवी गाडी ओढता म्हणून."

इसाकचा चेहरा असा झाला की आजही डोळ्यांसमोर येतो. लाजला, आणि लाजता लाजता हसायला लागला. "ओढत होतो," तो म्हणाला. "खाला वर्षभर इथं नव्हत्या, त्यांना काय माहीत? तुझा कागद मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा म्हटलं, आता काचेचं दार शोधलंच पाहिजे. गाडी विकली. या महिन्याच्या एक तारखेला दुकान उघडलं. पाटी मात्र कालच रंगवली, रंग अजून ओला आहे."

"मग कळवलं का नाही?"

"कळवायचं म्हणजे आधी नव्हतं ते सांगावं लागलं असतं."

आता मात्र माझा बांध फुटला. मी हसायला लागले. तोही हसायला लागला. सहा वर्षं दोघांनी एकमेकांना खोटं लिहिलं होतं, आणि भेटायच्या आत दोघांनीही गुपचूप ते खरं करून ठेवलं होतं. मी त्याला म्हटलं, एवढ्या चढावर एकट्यानं गाडी ओढलीत आणि मला लिहिता काचेला सकाळी ऊन येतं म्हणून? तो म्हणाला, आणि तू लिहितेस ओटीवर वारा छान येतो, तो काय म्हशीच्या शेपटीचा? एकाचं बोलणं संपायच्या आत दुसरा बोलत होता. मी कधी रडायला लागले ते मला कळलं नाही, पण हसणंही थांबलं नव्हतं.

साहेबानं टेबलावर पेन्सिल आपटली. काय चाललंय ते त्याला हवं होतं. पण मुकादमचाचांनी टोपी काढून डोळ्यांना लावली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, घर आणि गोठा, गाडी आणि दुकान. मधे मधे ते आमच्याकडे बोट करत. साहेब ऐकताना एकदा खिडकीकडे वळला. मग त्यानं इसाकला दुकानाचा पत्ता विचारला आणि सायकलवरून एका कारकुनाला बघायला पाठवलं.

कारकून परत येईपर्यंत अर्धा तास गेला. आम्हाला भिंतीकडच्या बाकावर बसायला सांगितलं होतं, मधे एक हात अंतर ठेवून. त्या अर्ध्या तासात आम्ही काय बोललो ते मी सांगणार नाही. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंही. म्हैस व्यायली का, आणि तुला बोट लागली का, असलंच. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच प्रश्नाचं उत्तर दीड महिना थांबून मिळत नव्हतं. विचारलं की लगेच. मला ती चैन वाटत होती.

कारकून घामाघूम होऊन आला. दुकान आहे, म्हणाला; दार काचेचं, पाटीवर चौगुले असं नाव. पाटीला बोट लावून पाहिलं, म्हणून त्यानं हिरवं झालेलं बोट दाखवलं.

साहेबानं एक छापील कागद ओढला आणि सावकाश भरायला घेतला. लिहिता लिहिता तो चाचांशी बोलला. चाचांनी नंतर मला सांगितलं, तो म्हणाला होता: पाठ करून आलेल्यांची उत्तरं बाराच्या बारा जुळतात. मी गेली आठ वर्षं त्याच उत्तरांवर माणसं आत घेतोय.

तेवढं बोलून त्यानं टाक खाली ठेवला. मग त्यानं शिक्का मारला. कलेक्टरचा कागद मी त्याच्यापुढं सरकवला, यावरही काही लिहायचं का म्हणून. त्यानं मान हलवली. "तो ठेव तुझ्याकडे," म्हणाला. "फोटो चांगला आहे."

बाहेर आलो तर असा वारा की माझा पदर इसाकच्या टोपीला जाऊन अडकला. डोंगरावरचा ढग कड्यावरून खाली ओघळत होता. दुकान धक्क्यापासून वीस मिनिटांवर, चढावर. इसाकनं कुलूप काढलं, मला एका खोक्यावर बसवलं आणि माझी पेटी आणायला परत बंदराकडे पळाला. चुलीची जागा कुठं, झोपायचं कुठं, काही विचारायला वेळच झाला नाही.

मी दुकान पाहत बसले. खोक्यांत काळी द्राक्षं, पिवळी द्राक्षं, पेअर, आणि कधी न पाहिलेली किती तरी फळं. एवढ्यात काचेचं दार ढकलून एक जाडजूड गोरी बाई आत आली आणि भराभरा काही बोलली. मला त्यातला एक शब्द कळला नाही. मी उभी राहिले. तिनं द्राक्षांकडे बोट केलं. मी दोन घड उचलून दिले. तिनं आणखी एक बोट दाखवलं, मी आणखी एक दिला. ती पैसे मोजून ठेवून गेली तशी एक मलायी म्हातारी आली. मग शाळेतून येणाऱ्या दोन मुली. मी पदर खोचला.

तासाभरानं इसाक डोक्यावर पेटी घेऊन आला आणि दारातच थबकला. पिवळ्या द्राक्षांचं खोकं रिकामं झालं होतं.

"तुला त्यांची भाषा कुठं येते?" त्यानं विचारलं.

"बोट दाखवतात," मी म्हटलं.

त्यानं पेटी खाली ठेवली, तिच्यावरच बसला आणि टोपी काढून हसत राहिला. मागं काचेवर कुणीतरी टकटक करत होतं, आणि तो नेमका दाराला पाठ लावून बसला होता.

"उठा," मी म्हटलं, "गिऱ्हाईक आलंय."